मल्टी-इंजिन सीपीएल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याच्या नियमांनुसार भारतात व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, आणि त्यावर दोन इंजिनांच्या विमानाची नोंद मिळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. फीचे चेक फाडणाऱ्या पालकांनीही वाचायला हरकत नाही. सिंगल इंजिनच्या प्रशिक्षणाची माहिती कुठेही मिळते. ट्विनचे, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचे, तास मात्र अगदी शेवटी येतात आणि तोवर पैसा आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात. म्हणून इथे भर ट्विनवर आहे.

सीपीएलसाठी मल्टी-इंजिन सक्तीचे आहे का?

नाही. फक्त सिंगल इंजिनवर सीपीएल मिळते आणि ते पूर्ण वैध असते. पण एअरलाइनच्या जाहिराती वाचा: सीपीएलसोबत मल्टी-इंजिनची नोंद आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता) जवळपास नेहमीच मागितलेले असते. ए-३२०, बोईंग ७३७, एटीआर ७२ ही सगळी दोन इंजिनांची विमाने, त्यामुळे मागणी रास्तच आहे. सिंगल इंजिनवरच थांबायचे असेल तर त्यामागे ठरवलेले कारण हवे, उदाहरणार्थ इन्स्ट्रक्टर व्हायचे आहे. नुसते पैसे वाचवायला थांबलात तर पुढे जास्त मोजावे लागतात.

वय आणि शिक्षण?

परवाना मिळायला १८ वर्षे पूर्ण हवीत. स्टुडंट पायलट लायसन्स १६ व्या वर्षी मिळते, म्हणजे शिकायला आधी सुरुवात करता येते. शिक्षणाची अट बारावीची, फिजिक्स आणि मॅथ्ससह. कॉमर्स किंवा आर्ट्स केलेली बरीच मुले एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देतात आणि ते चालते.

मेडिकल कधी करायचे?

फी भरण्याआधी. या पानावरचे एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आधी क्लास २, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे. त्याचा निकाल नोंदला गेला की क्लास १ साठी ठरावीक केंद्रांवर जायचे. बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचे एएफसीएमई ही त्यांतली जुनी, हवाई दलाची केंद्रे. तिथे ईसीजी, कानांची तपासणी, डोळे, रक्त, पोटाची सोनोग्राफी असे सगळे होते. काही आढळले तर ‘टेम्पररी अनफिट’ शेरा मिळतो आणि उपचार घेऊन पुन्हा यावे लागते. यात महिने जाऊ शकतात. क्लास २ वर सिंगल इंजिनचे तास करत राहायचे आणि क्लास १ नंतर बघू म्हणायचे, हा जुगार आहे. क्लास १ मिळाले नाही तर सीपीएल नाही, मग लॉगबुकात कितीही तास असोत.

चष्मा आहे. चालेल?

ठरावीक मर्यादेतला नंबर चालतो, चष्म्याने दृष्टी पूर्ण होत असेल तर. रंग ओळखण्यातला दोष ही जास्त गंभीर गोष्ट आहे. तो असण्याची शंका असेल तर गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा चाचणी आजच करून घ्या.

२०० तास म्हणजे नेमके कसले तास?

विमान नियम, १९३७ च्या अनुसूची २ मध्ये, विभाग ‘जे’खाली हे सगळे आहे. एकूण २०० तास, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले. त्यात १०० तास पीआयसी म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची असताना. २० तास क्रॉस कंट्री पीआयसी, म्हणजे ठरवलेल्या मार्गाने लांबच्या उड्डाणांचे, आणि त्यात एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर फुल-स्टॉप, म्हणजे उतरून पूर्ण थांबण्याच्या, लँडिंगसह. इन्स्ट्रुमेंटचे १० तास, पैकी सिम्युलेटरवर जास्तीत जास्त ५. रात्रीचे ५ तास, त्यात १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मागणी वेगळी आणि मोठी: ५० तास क्रॉस कंट्री पीआयसी आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट, ज्यातले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. रेटिंग घ्यायचेच असल्याने सुरुवातीपासून हेच आकडे समोर ठेवून उड्डाणे आखा. फक्त सीपीएलच्या २० तासांवर डोळा ठेवला तर शेवटी ३० तास क्रॉस कंट्री पीआयसी कमी भरते.

आणि ट्विनचे किती तास?

आपल्याकडची रूढ विभागणी १८५ तास सिंगल आणि १५ तास मल्टी अशी आहे. ट्विनचे तास एकूण २०० मध्येच धरले जातात. त्या विमानावर स्किल टेस्ट, शिवाय मल्टीवरच इन्स्ट्रुमेंटची चाचणी, हे सगळे याच पंधरा तासांच्या आसपास उरकते.

सहा महिन्यांच्या नियमाबद्दल सगळे घाबरवतात. तो काय आहे?

घाबरवतात ते उगाच नाही. नियमाप्रमाणे काही गोष्टी अर्जाच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांत झालेल्या हव्यात. पीआयसीचे किमान १५ तास त्यात येतात. रात्रीचे ते दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंग येतात. आणि स्किल टेस्ट येतात: दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची किमान २५० सागरी मैलांची क्रॉस कंट्री टेस्ट, ज्यात दुसऱ्या विमानतळावर एक तरी फुल-स्टॉप लँडिंग हवे, आणि रात्रीची किमान १२० सागरी मैलांची, कुठेही न उतरता परत येण्याची.

आता यात ट्विन कुठे बसते ते पाहा. बऱ्याच शाळांकडे सिंगल इंजिनची विमाने आठ-दहा असतात आणि ट्विन एक, फार तर दोन. ते एक विमान एओजी झाले, म्हणजे सुट्या भागाची वाट पाहत हँगरमध्ये बसले, की मागे रांग लागते. तुमचे १८५ तास जानेवारीत झाले, स्किल टेस्टही उत्साहाने लगेच देऊन टाकल्या, आणि ट्विन जूनमध्ये उडाले. मग पावसाळा. ऑगस्टमध्ये तुमचे सगळे तास भरलेले असतात, फक्त जानेवारीच्या चाचण्या शिळ्या झालेल्या असतात. त्या पुन्हा द्यायच्या, म्हणजे पुन्हा तास, पुन्हा बिल.

माझे मत स्पष्ट आहे: सिंगलवरच्या स्किल टेस्ट आणि रात्रीची लँडिंग ही ट्विनची तारीख हातात आल्याशिवाय उरकू नका. शाळा म्हणेल ‘आत्ता एक्झामिनर आला आहे, देऊन टाक’. अशा वेळी ट्विन उडत्या अवस्थेत आहे का, आणि तुमच्या पुढे रांगेत किती जण आहेत, हे विचारूनच हो म्हणा.

परीक्षा कोणत्या?

एअर नॅव्हिगेशन, एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात ७० टक्के. बसण्याआधी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर घ्यावा लागतो, तो बारावीची कागदपत्रे पडताळून मिळतो.

टेक्निकल स्पेसिफिक विमानाच्या प्रकारावर असते. सेस्ना १७२ चा पेपर ट्विनला चालत नाही. ज्या ट्विनची नोंद हवी त्याचा पेपर वेगळा द्यावा लागतो, आणि अनेकांच्या ते उशिरा लक्षात येते. शाळेत दोन प्रकारची ट्विन असतील तर तुम्हाला कोणते मिळणार हे आधी ठरवून घ्या, नाहीतर सेनेकाचा अभ्यास करून डीए४२ उडवायची वेळ येते.

शिवाय रेडिओसाठी आरटीआर. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार विभागाकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाल्यावर हा विषय डीजीसीएकडे आला. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या सीनियरने दिलेला सल्ला या बाबतीत जसाच्या तसा घेऊ नका.

मराठी माध्यमातून शिकलो. अडेल का?

अभ्यासात नाही, रेडिओवर थोडे दिवस. आरटी, म्हणजे रेडिओवरची बोलणी, ठरावीक वाक्यरचनेची असते आणि कानाला सवय लागली की सोपी होते. इंग्रजी प्रावीण्याची किमान पातळी ४ लागते. तिथे उच्चार कॉन्व्हेंटचा आहे का हे कोणी पाहत नाही, बोललेले पहिल्या वेळी समजते का हे पाहतात. फिजिक्स कच्चे असलेला इंग्रजी माध्यमाचा मुलगा नॅव्हिगेशनमध्ये जास्त अडकतो.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षित, मग शिकण्यासारखे वेगळे काय?

गैरसमज इथूनच सुरू होतो. बैलजोडीतला एक बैल अचानक बसला तर गाडी निम्म्या वेगाने पुढे जात नाही, ती आडवी होते. ट्विनचे तसेच. जिवंत इंजिन पंखावर एका बाजूला असते, ते नाक मेलेल्या इंजिनाकडे फिरवते, आणि ते फिरणे थांबवायला पाय जोरात लावावा लागतो. वेग फार कमी असेल तर पूर्ण रडर, म्हणजे पायांनी फिरवायचे शेपटीवरचे सुकाणू, तेही पुरत नाही. ही वेगाची सीमा म्हणजे व्हीएमसीए, एअरस्पीड इंडिकेटरवरची लाल रेघ. तिच्या खाली, एका इंजिनावर पूर्ण पॉवर असताना, विमान उलटे होऊ शकते.

दुसरी गोष्ट चढण्याची. विमान चढते ते उरलेल्या ताकदीवर. समजा दोन्ही इंजिने मिळून २०० देतात आणि सरळ उडायला ९० लागतात. चढायला उरले ११०. एक गेले की हातात १०० राहतात, आणि तिरक्या उडण्याचा अडथळा वाढल्याने लागतात ९० पेक्षा जास्त. उरले दहा किंवा त्याहून कमी. म्हणजे ताकद निम्मी गेली आणि चढण्याची क्षमता नव्वद टक्के गेली. ही शिल्लक सगळ्यात जास्त ज्या वेगाला मिळते तो व्हीवायएसई, इंडिकेटरवरची निळी रेघ. ट्विन शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी ही निळी रेघ धरून ठेवायला शिकणे.

‘क्रिटिकल इंजिन’ म्हणजे कोणते?

जे बंद पडले तर हाताळणी जास्त अवघड होते ते. दोन्ही प्रोपेलर कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर नाक वर असताना उजवीकडून खाली येणारे पाते जास्त ओढते. त्यामुळे उजव्या इंजिनाचा जोर विमानाच्या मध्यापासून आणखी लांब जातो. डावे गेले तर हा लांबचा जोर एकटा उरतो, म्हणून डावे क्रिटिकल. पायपर सेनेकाचे प्रोपेलर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरतात, तिथे हा फरक राहत नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच, आणि ‘डावे’ एवढ्यावर कोणी सोडत नाही. का ते विचारतात.

इंजिन बंद पडले तर क्रम काय?

धावपट्टीवर, रोटेट करण्याआधी, म्हणजे नाक उचलण्याआधी: दोन्ही थ्रॉटल बंद आणि थांबा. इथे विचार नाही.

हवेत: आधी दिशा सांभाळा, मग नाक निळ्या रेघेसाठी लागेल तिथे. पूर्ण पॉवर, फ्लॅप वर, चाके वर. मग ओळखा. जो पाय मोकळा पडला आहे त्या बाजूचे इंजिन मेले. मग खात्री: त्या बाजूचा थ्रॉटल मागे घ्या, काहीच बदलले नाही तर अंदाज बरोबर. त्यानंतरच फेदर, म्हणजे पाती हवेला समांतर करून त्यांचा अडथळा घालवणे. जिवंत इंजिनाकडे सुमारे ५ अंशांचा बँक, म्हणजे कल, ठेवला की रडर कमी लागते.

घाईत चुकीचे इंजिन फेदर करणे हा या सगळ्यातला खरा शत्रू आहे आणि मोठ्या एअरलाइनमध्येही तो घडला आहे. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ ने टेक-ऑफ केल्यावर एका इंजिनाचा प्रोपेलर आपोआप फेदर झाला, आणि पायलटने चालते इंजिन बंद केले. ४३ माणसे गेली. म्हणून चांगला इन्स्ट्रक्टर तुमचा हात थ्रॉटलवर थांबवतो आणि ‘कोणते?’ असे मोठ्याने बोलायला लावतो. चिडू नका.

क्रमाचे तपशील विमानागणिक बदलतात. सेनेकामध्ये प्रोपेलरचे फेरे सुमारे ८०० च्या खाली गेले की फेदर होत नाही. डीए४२ मध्ये प्रोपेलरचा वेगळा लिव्हरच नाही. इंजिन मास्टर बंद केला की ते फेदर होते. सरावात पूर्ण इंजिन बंद करण्याचे काम उंचावरच करतात. जमिनीजवळ थ्रॉटल मागे घेऊन फक्त तसा भास निर्माण करतात.

उन्हाळ्यात ट्विनचे तास करावेत का?

करा, पण सकाळी. नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आसपास. मे महिन्यात दुपारी ४५ अंश झाले की त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा हवा ३२ अंश गरम असते, आणि दर अंशाला १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड ४,८०० फुटांच्या आसपास जाते. विमान जमिनीवर उभे आहे, पण त्याच्या लेखी ते महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे. टर्बो नसलेल्या ट्विनची एका इंजिनावरची ती तुटपुंजी शिल्लक अशा हवेत शून्याखाली जाऊ शकते. गणित पाठ असलेली मुलेही परफॉर्मन्स चार्ट उघडत नाहीत, तुम्ही उघडा.

डीए४२, सेनेका की टेकनाम?

नोकरीसाठी फारसा फरक पडत नाही. डायमंड डीए४२ ची नवी रूपे ग्लास कॉकपिट आणि जेट ए-१ वर चालणाऱ्या ऑस्ट्रो इंजिनांची आहेत. हे इंधन एअरलाइनवालेच वापरतात, त्यामुळे ते मिळायला अडचण नाही. सेनेका ॲव्हगॅसवर, म्हणजे विमानांच्या पेट्रोलवर, चालते. ॲव्हगॅस वर्षानुवर्षे आयात व्हायचे. इंडियन ऑइलने ते देशात बनवून बाजारात आणले २०२२ मध्ये. टेकनाम पी२००६टी हलके, १०० अश्वशक्तीची दोन रोटॅक्स इंजिने, खर्चाला कमी. मला विचाराल तर तीन लिव्हरच्या जुन्या सेनेकावर शिकलेल्याला इंजिन जास्त कळते. पण सेनेका हँगरमध्ये आणि डीए४२ आकाशात असेल तर डीए४२ घ्या.

महाराष्ट्रात कुठे शिकता येते?

राज्याची परंपरा जुनी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला तो तिथे शिकून. आज क्लबचे उड्डाण धुळ्यात चालते. गोंदियाजवळ बिरसीला एनएफटीआय, बारामती, शिरपूर, जळगाव इथेही प्रशिक्षण होते, आणि अमरावतीजवळ बेलोऱ्यात एअर इंडियाने स्वतःची अकादमी जाहीर केली आहे. राज्याबाहेर, उत्तर प्रदेशात फुरसतगंजची सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी.

२०२५ पासून डीजीसीए शाळांना श्रेणी देते, ती बघाच. पण प्रत्यक्ष जाऊन हेही विचारा: आज उडण्याच्या स्थितीत किती ट्विन आहेत, ट्विनवर शिकवू शकणारे इन्स्ट्रक्टर किती, आणि मागच्या तीन विद्यार्थ्यांना १८५ तास झाल्यावर मल्टी पूर्ण व्हायला किती महिने लागले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऑफिसमध्ये नाही, कॅन्टीनमध्ये मिळते. आणि सगळी फी एकरकमी भरू नका, सवलत कितीही गोड असो.

खर्च?

सगळे धरून ५० लाखांच्या पुढेच धरा. राहणे-खाणे, परीक्षा आणि वाया गेलेले महिने मिळून आकडा सहज वाढतो. ट्विनचा तास सिंगलच्या तासापेक्षा कितीतरी महाग असतो. म्हणून त्या तासात पहिल्यांदाच चेकलिस्ट वाचत बसणे परवडत नाही. बंद विमानात, डोळे मिटून स्विचला हात जाईपर्यंत बसा. त्याचे कोणी बिल लावत नाही.

अमेरिकेत करून आलो तर?

एफएए, म्हणजे तिथली विमान वाहतूक नियामक संस्था, तिच्या नियमांतल्या पार्ट ६१ खाली २५० तास लागतात, पार्ट १४१ खाली १९०. परत आल्यावर परवाना भारतीय करून घ्यावा लागतो: एअर रेग्युलेशन्स, नॅव्हिगेशन-मेटचा एकत्रित पेपर, आरटीआर, इथले क्लास १ मेडिकल, आणि तिकडच्या यंत्रणेकडून परवान्याची पडताळणी. तिथे मल्टीची विमाने भरपूर आणि हवामान चांगले, हे खरे. अडचण लॉगबुकात येते. ३०० मैलांच्या उड्डाणात वाटेतली लँडिंग टच-अँड-गो केलेली असतात, तर इथे फुल-स्टॉप हवीत. सेफ्टी पायलट म्हणून (दुसरा उपकरणांवर सराव करत असताना बाहेर लक्ष ठेवणारा) तिथे लिहिलेले पीआयसी तास इथे मोजले जातील असे धरून चालू नका. जाण्याआधी डीजीसीएच्या गरजांचा तक्ता लॉगबुकाच्या पहिल्या पानावर चिकटवा.

परवाना हातात आला. आता?

२०२३ च्या दुरुस्तीनंतर सीपीएल १० वर्षांसाठी मिळते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि क्लास १ मात्र वर्षाचेच. नोकरी लगेच लागेल असे नाही. डीजीसीएने २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ सीपीएल दिली, आणि एअरलाइनची भरती लाटांनी येते. जाहिरात आली त्या दिवशी रेटिंग संपलेले असेल तर अर्जच भरता येत नाही, म्हणून ट्विनच्या दोन-तीन तासांचे आणि चाचणीचे पैसे बाजूला काढून ठेवा. टाइप रेटिंगचा, म्हणजे एअरलाइनच्या ठरावीक विमानाच्या पात्रतेचा, खर्च वेगळा, तोही लाखांत. काही कंपन्या निवड झाल्यावर स्वतःच्या व्यवस्थेतून करून घेतात, त्यामुळे निवडीआधी घाईने ए-३२० चे रेटिंग विकत घेणे मला पटत नाही. मूळ लॉगबुक, प्रत्येक पानावर प्रमाणित सही आणि बेरीज तपासलेली, एका फाइलमध्ये ठेवा. अर्ज परत येण्याचे सगळ्यात किरकोळ आणि सगळ्यात सामान्य कारण चुकलेली बेरीज असते.